सगळं ठीक आहे ना? – उल्रिका

मी स्वतःचं वाक्य परक्या बाईच्या हातात पाहिलं. सकाळची ट्राम, मार्च महिना, खिडकीला अर्धं पाणी नि अर्धा बर्फ असलं काहीतरी चिकटलेलं, आणि पुढच्या बाकावरच्या बाईच्या फोनवर, माझ्या डोळ्यांपासून हातभर अंतरावर, माझे शब्द. ‘हेय तेरेस! तू बरेच दिवस दिसली नाहीस. सगळं ठीक आहे ना? – उल्रिका.’ उल्रिका म्हणजे मी. दुसऱ्याच्या फोनात डोकावणं आमच्याकडे चोरीच्या जरासंच खाली मानतात, आणि एरवी मी मान वळवलीच असती. पण आपलं नाव दिसल्यावर मान वळत नाही. आणि खरं सांगायचं तर मला आधी आनंदच झाला. या तीन ओळींसाठी मी अख्खा एक हिवाळा घालवला होता. आधी तिथं ‘प्रणालीकडून सूचना’ असं असायचं, आणि खाली नियमाचा क्रमांक. ते मी फेकून दिलं. म्हटलं, घरी बसून एकट्यानं शिकणाऱ्या माणसाला सूचना नको असते, कुणीतरी विचारलेलं हवं असतं. आणि विचारणाऱ्याला नाव हवं. समितीत कुणी आपलं नाव पुढं करेना, तेव्हा मीच म्हटलं, माझं घाला. तेव्हापासून विद्यापीठाच्या दूरशिक्षणाच्या निम्म्या अभ्यासक्रमांत, जो कोणी आठवडा-दोन आठवडे फिरकत नाही त्याला उल्रिका विचारते. अर्ध्यावर सोडून जाणाऱ्यांचा आकडा खाली आला. ट्रॉन्डहाइमच्या परिषदेत मी हे सांगितलं तेव्हा लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते, आणि मी काही कच्च्या गुरूची चेली नाही, त्या टाळ्या मला पचल्या.

बाईनं निरोप वाचला आणि नाकातून हवा सोडली. तिच्या अंगात गृहसेवेचं निळं जाकीट होतं, म्हाताऱ्यांच्या घरी जाऊन त्यांना उठवणाऱ्या, न्हाऊ घालणाऱ्या बायका घालतात तसलं, आणि शेजारी तसंच जाकीट घातलेली दुसरी. ‘आली बघ बया,’ ती म्हणाली. ‘कोण?’ ‘उल्रिका.’ ‘ही कोण आणखी?’ ‘कोण जाणे. सारखी आपली विचारत असते, सगळं ठीक आहे ना, सगळं ठीक आहे ना. माझी सासूसुद्धा इतकं विचारत नाही.’ शेजारीण हसली. ‘मग सांग की तिला एकदाचं.’ ‘सांगितलं की. दोनदा सांगितलं. नाताळाच्या आधी एकदा, आणि गेल्या महिन्यात एकदा. भलतंच काहीतरी लिहून आलं, आणि आज पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.’ तिनं फोन मांडीवर पालथा घातला. ‘आज काढून टाकते नाव. दुपारी, त्या म्हातारबुवांची आंघोळ झाली की. एक बटण दाबायचं, संपलं.’ ‘अगं, पण नर्स व्हायचं म्हणत होतीस ना?’ ‘म्हणत होते,’ ती म्हणाली. मायुर्नाच्या थांब्यावर दोघी उतरल्या. तिची वेणी ओली होती आणि पाठीवर जाकिटाला काळा डाग पडला होता, तेवढं मला दिसलं, आणि ट्राम पुढं गेली.

मी बोलले नाही. ट्राममध्ये अनोळखी माणसाशी बोलायला आमच्याकडे दोनच कारणं चालतात, ट्राम बंद पडली तर, नाहीतर त्याच्याजवळ कुत्रा असला तर. तिच्याजवळ कुत्रा नव्हता. मी काय म्हणणार होते? ‘मीच ती उल्रिका’? वेडी समजली असती, नाहीतर त्याहून वाईट, खरं समजली असती. मी बाकावर बसून राहिले, आणि माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो असा की बाई खोटं बोलते. उत्तर दिलं असतं तर मला कळलं नसतं? निरोपाखाली चौकट आहे, तिच्यात लिहिता येतं, ती चौकट मी मागून घेतली होती. दोनदा लिहिलं म्हणे! लोक काय, अभ्यास सोडायचा असला की कुणावर तरी खापर फोडतात, नवऱ्यावर, नोकरीवर, आता उल्रिकावर. असं मनाशी बोलत मी दोन थांबे काढले. तिसऱ्या थांब्याला मला तिची नाकातून सोडलेली हवा पुन्हा ऐकू आली. ती हवा खोटी नव्हती. मनासारखं न झालेल्या बाईची ती हवा मी लहानपणी फार ऐकली आहे, आणि एकदा ती थांबलेलीही ऐकली आहे.

आई दाल्सलांडातल्या आमच्या गावात, इस्पितळाच्या धुलाईघरात इस्त्रीला होती, आणि संध्याकाळी स्वयंपाकघराच्या टेबलावर टपालानं येणारा अभ्यास करायची. गणित आणि जर्मन. पाकीट जायचं, पाकीट यायचं, आणि आलेल्या पाकिटात हिरव्या शाईनं तपासलेली उत्तरं असायची. तपासणाऱ्या बाईचं नाव कुमारी हेडव्हाल. त्या स्टॉकहोमला राहतात एवढंच आम्हाला ठाऊक. उंच की ठेंगण्या, म्हाताऱ्या की तरुण, काही पत्ता नाही. मी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला चित्रं रंगवत बसायचे आणि आई गणित चुकलं की नाकातून हवा सोडायची, जणू त्या अंकांनी तिचा अपमान केलाय. एकदा पाकीट आलं, आईनं उघडलं आणि ती तशीच उभी राहिली. समीकरण बरोबर होतं, हिरवी खूण होती, आणि समासात बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘तुमचं अक्षर बदललं आहे. हाताला काही झालं आहे का?’ वाफेच्या इस्त्रीखाली आईचा उजवा हात भाजला होता. घरात कुणी विचारलं नव्हतं. वडलांनी पट्टी पाहिली होती आणि चुलीसाठी लाकडं आत आणायला कोण मदत करणार एवढं विचारलं होतं. मी तर सातआठ वर्षांची, मला पट्टी म्हणजे नुसती पट्टी. आई भांडी घासायच्या टाकीशी गेली, नळ सोडला आणि पाठमोरी बराच वेळ उभी राहिली. मग डाव्या हातानं, वाकड्यातिकड्या अक्षरात, पुढच्या धड्याच्या खाली तिनं काहीतरी लिहिलं. उत्तर आलं, पुन्हा हिरव्या शाईत, ‘घाई नको. डाव्या हातानं लिहा. मी थांबते.’ त्या काळी मोठी माणसं एकमेकांना अजून ‘तुम्ही’ म्हणायची. आता आम्ही सगळे सगळ्यांना ‘तू’ म्हणतो, कुलगुरूंनासुद्धा, आणि त्याला समानता म्हणतो. मी ‘तू’च्याच बाजूची आहे, कायम होते. पण त्या ‘तुम्ही’मध्ये एक माणूस बसलेला होता, एवढं ट्राममधून उतरताना माझ्या लक्षात आलं.

मी हे काम का करते असं कुणी विचारलं की मी हेडव्हालबाईंची गोष्ट सांगते. लोकांना आवडते. ट्रॉन्डहाइमलाही सांगितली होती. आणि मी नुसती गोष्ट सांगत नाही, कामही चोख करते, यात मला कुणी हरवू शकत नाही. लांबलचक व्याख्यानं मी कापून छोटी केली, कारण मूल झोपलं की आईजवळ किती वेळ उरतो हे मला ठाऊक आहे. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी पडद्यावर मजकूर, ज्यांच्या बेटावर इंटरनेट धड मिळत नाही त्यांच्यासाठी सगळं उतरवून घेण्याची सोय. परीक्षेला बसलेल्याच्या खोलीत टक लावून बघणारा कॅमेरा इतर कितीतरी ठिकाणी आला; मी माझ्या विद्यापीठाच्या उंबऱ्याच्या आत येऊ दिला नाही. म्हटलं, आम्ही शिकवायला बसलोय, पाळत ठेवायला नाही; प्रश्नच असे विचारा की पुस्तक उघडून बसलं तरी डोकं चालवावं लागेल. आणि नाव काढून टाकायचं बटण! इतर लोक ते सात पानांच्या आत पुरून ठेवतात, तीनतीनदा विचारतात, खरंच का, नक्की का. मी ते पहिल्या पानावर ठेवलं. ज्याला जायचंय त्याला मानानं जाऊ द्यावं. एक बटण दाबायचं, संपलं. हे बोलणं माझंच होतं, पण आता ते ओल्या वेणीच्या बाईच्या तोंडून ऐकू येत होतं, आणि त्याची चव वेगळी लागत होती. दुपारी ती ते बटण दाबणार होती. नर्सिंगच्या अभ्यासक्रमातून एकदा नाव काढलं की ती जागा रांगेतल्या पुढच्या माणसाला जाते, आणि पुन्हा तिथं पोचायला माणसाला पहिल्यापासून रांग धरावी लागते. लोक पुन्हा धरत नाहीत. तेही मला ठाऊक आहे.

विद्यापीठात पोचल्यावर मी कोट न काढताच लुडविगच्या टेबलापाशी गेले. निरोप पाठवणारी सगळी यंत्रणा त्याची. चांगला मुलगा आहे, तीन मुलांचा बाप असूनही मी त्याला मुलगाच म्हणते. ‘लुडविग, निरोपाखालच्या चौकटीत लोक लिहितात ते कुठं जातं?’ त्यानं डोळे वर केले. ‘कुठं म्हणजे? कुठंच नाही.’ ‘कुठंच नाही म्हणजे काय?’ ‘पुसलं जातं. पाठवलं की लगेच.’ ‘कुणी न वाचता?’ ‘अगं, असं काय करतेस? तूच नाही का भांडली होतीस? लोक आजारपण लिहितील, घटस्फोट लिहितील, पोरांचं लिहितील, ते साठवायचा आपल्याला काय अधिकार? वाचायचा तरी काय अधिकार? असं टेबल आपटून म्हणालीस. विद्यापीठाच्या वकीलबाईसुद्धा गार झाल्या.’ मला आठवलं. टेबल आपटलं नव्हतं, पण बाकी सगळं खरं. ‘मग चौकट ठेवलीच कशाला आपण?’ ‘तीसुद्धा तुझीच. माणसाला बोलायला जागा हवी, म्हणालीस.’ तो माझ्याकडे निरागसपणे बघत होता. ‘आणि चौकटीत कुणी काही लिहिलं की त्याचं पुढं काय होतं?’ ‘हिरवं होतं. लिहिलं म्हणजे आत आला ना माणूस. न फिरकणाऱ्याचा लाल ठिपका हिरवा होतो आणि दुसरा निरोप जातो. परत आलीस, छान वाटलं!’ ‘उल्रिका,’ मी म्हणाले. ‘हो, खाली उल्रिका,’ लुडविग म्हणाला.

वाचायचा अधिकार नाही, आणि बोलायला जागा हवी, ही दोन्ही वाक्यं माझी होती. दोन्ही बरोबर होती, आजही बरोबर आहेत, कुणीही वाद घालून बघावा. आणि दोन्ही मिळून जे झालं ते असं, की मी हजारो लोकांच्या दारात उभी राहून विचारत होते बरं आहे ना, आणि त्यांनी तोंड उघडलं की कानांत बोटं घालत होते, त्यांच्या खाजगीपणाचा मान राखण्यासाठी. असली चूक करायला माणूस नुसता मूर्ख असून भागत नाही. सज्जन असावा लागतो, कायदा वाचलेला असावा लागतो, आणि त्याच्या हाताशी आमच्यासारखी समिती लागते. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना मी आयुष्यभर नावं ठेवली, आणि माझा उंट सगळ्यांत उंच निघाला. मला लाज वाटली. अशी लाज की कोटाच्या आत घाम आला. आणि लगेच रागही आला, कारण लाजेत बसून राहणं माझ्या स्वभावात नाही. लुडविग म्हणाला, ‘झालं काय पण? कुणी तक्रार केली का? नाव सांग, काढून देतो. दोन मिनिटांत फोन नंबर, पत्ता, सगळं.’ तेरेस. नर्सिंग. आज सकाळी निरोप गेलेला. खरंच दोन मिनिटं. माझ्या जिभेवर ते नाव आलं, साखरेच्या गोळीसारखं. मी तिला फोन करणार, मी म्हणणार थांब, दाबू नकोस. किती चांगलं काम! आणि मग एक दिवस कुणीतरी दुसरा, असाच चांगल्या कामासाठी, दुसऱ्या कुणाचं नाव काढणार. ट्राममध्ये चोरून वाचलेल्या नावावरून बाईला गाठायचं, आणि तिनं विचारलं माझं नाव तुला कसं कळलं तर? हेडव्हालबाईंनी आईच्या शेजाऱ्यांना विचारलं नव्हतं. जे कागद आईनं स्वतःच्या हातानं पाठवले होते तेच त्यांनी नीट पाहिले होते. सगळा फरक तिथंच आहे, आणि तो मला त्या क्षणी, कोट अंगात असताना, इतका स्वच्छ दिसला की मी मोठ्यानं ‘नको’ म्हणाले. ‘नको तर नको,’ लुडविग म्हणाला, ‘ओरडतेस कशाला?’

बैठक सुरू झाली तेव्हा टेबलावर दालचिनीचे बन होते आणि हेनिंगसमोर त्याची छोटी लाकडी हातोडी. हेनिंग आमच्या कक्षाचा प्रमुख, माझ्याहून बराच लहान, स्वेटर कायम चांगले घालतो. आज एकच मोठा विषय होता, उल्रिकाचे निरोप पानगळीपासून विद्यापीठाच्या सगळ्या अभ्यासक्रमांना लावायचे, आणि शेजारच्या दोन महाविद्यालयांनाही द्यायचे. ‘उल्रिका, आज तुझा दिवस,’ तो दारातच म्हणाला होता, आणि तो मनापासून म्हणाला होता. आमच्याकडे बैठकीत भांडण होत नाही. भांडण आधी होतं, कॉफीच्या यंत्रापाशी, दोघादोघांत, हळू आवाजात. बैठकीत फक्त हेनिंग विचारतो, असं ठरवायचं ना? सगळे ‘हो’ म्हणतात आणि हातोडी पडते. इतक्या वर्षांत मी त्या क्षणी कुणाला दुसरं काही म्हणताना ऐकलेलं नाही. आम्ही बन खाल्ले. एकानं तक्ते दाखवले, लाल ठिपके कमी होत जाताना, हिरवे वाढत जाताना. मी त्या हिरव्याकडे बघत होते. त्यातले किती जण परत आले होते, आणि किती जण मदत मागून हिरवे झाले होते? तक्त्याला ते ठाऊक नव्हतं. बाहेर घड्याळात बारा वाजायला आले होते, आणि कुठल्यातरी न्हाणीघरात एक बाई हातातला साबण ठेवून फोन उचलणार होती. ‘असं ठरवायचं ना?’ हेनिंगनं विचारलं. ‘हो,’ सगळे म्हणाले. ‘नाही,’ मी म्हणाले.

हातोडी वरच राहिली. ‘नाही म्हणजे, तुला काही जोडायचंय?’ ‘नाही म्हणजे नाही. लोक त्या चौकटीत उत्तर लिहितात आणि ते कुणी वाचत नाही. पुसतो आपण. वर त्यांना छान वाटलं म्हणून कळवतो.’ कुणीतरी बनचा कागद चुरगळला. हेनिंग म्हणाला, ‘पण ते तर गोपनीयतेसाठी...’ ‘माझ्यामुळंच झालं, मला माहीत आहे. मी चुकले. विचारायचं असेल तर ऐकायला कुणीतरी बसवायचं, आणि कोण ऐकतंय ते विचारतानाच सांगायचं. म्हणजे ज्याला सांगायचंय तो सांगेल, नाही त्याचं राहिलं.’ ‘अगं, सगळ्या विद्यापीठाची उत्तरं! कोण वाचणार?’ ‘जो विचारेल तो.’ ‘व्यवहाराचं बोल ना जरा. तुझं नाव काढू, खाली ‘विद्यार्थी कक्ष’ घालू. म्हणजे कुणाला वाटणारच नाही की...’ ‘मग प्रश्नही काढ. नुसतं लिही, अमुक तारखेला काम द्यायचंय. तेही चालेल. सरळ असेल ते चालेल. खोटी विचारपूस नको.’ ‘तुझ्याच कामाला तू सुरुंग लावतेस, कळतंय का तुला?’ हेनिंग आता खरा वैतागला होता, आणि खरं सांगते, मला त्याचं बरं वाटलं. इतक्या वर्षांत त्या टेबलावर पहिल्यांदा कुणीतरी खरं बोलत होतं. ‘कळतंय,’ मी म्हणाले. ‘प्रत्येक अभ्यासक्रमाला एक माणूस लागेल. तो शोधायला वेळ दे. तोवर निरोप थांबव. आणि आज सकाळी ज्यांना गेलेत, त्यांचं मी बघते.’ मग टेबलाच्या टोकाची नर्सिंगची शिक्षिका, जी कधी बोलत नाही, ती म्हणाली, ‘माझ्या मुलींचं मी वाचीन.’ हेनिंगनं हातोडी पेल्याशेजारी ठेवून दिली. त्या दिवशी ती पडलीच नाही.

खोलीत येऊन मी लिहायला बसले, आणि या वेळी मला हिवाळा लागला नाही. ‘मी उल्रिका. यंत्र नाही, बाई. आजवर तुम्ही खालच्या चौकटीत जे लिहिलंत ते कुणीही वाचलेलं नाही, मीही नाही. ते पुसलं गेलं. चूक माझी आहे. तुम्हाला बोलायचं असेल तर हा माझा नंबर. मी फोनजवळ आहे. नसेल बोलायचं तर नका बोलू, तुमच्या जागेला काही होणार नाही.’ लुडविगला म्हटलं, सकाळी ज्यांना गेला त्या सगळ्यांना पाठव, नावं मला दाखवू नकोस. त्यानं ते वाचलं. ‘सगळ्यांना ‘तुम्ही’ लिहिलंयस,’ तो म्हणाला. ‘असू दे,’ मी म्हणाले. त्यानं पाठवलं. मग मी खिडकीशी बसले, फोन समोर ठेवून, शाळकरी पोरीसारखी. खाली कालव्यावरचा बर्फ काळा पडून फुटायला लागला होता. आई पुढं शाळेत शिकवायला लागली, तिचं जर्मन माझ्याहून कितीतरी चांगलं होतं, आणि हेडव्हालबाई गेल्याचं तिला फार उशिरा कळलं. तेव्हा ती म्हणाली होती, मी त्यांना कधी पाहिलं नाही, पण त्यांनी मला पाहिलं. मी ते वाक्यसुद्धा परिषदेत वापरलं होतं.

फोन वाजला. पासवर्ड विसरलेला एक माणूस. सांगितला त्याला कुठं मिळेल ते. पुन्हा वाजला, कुणीतरी नुसतं हसलं आणि ठेवून दिला. त्यानंतर बराच वेळ काही नाही. मी मनात म्हटलं, बाईनं केव्हाच दाबलं असेल. दाबलं असलं तरी मी चुकीचं काही केलं नाही. आणि असं म्हणत मी फोनचा आवाज वाढवला. मग वाजला. आधी पाण्याचा आवाज आला, न्हाणीघरात घुमतो तसला.

‘उल्रिका?’

‘हो.’

‘ती? निरोपातली?’

‘तीच.’

‘म्हणजे खरीच बाई आहेस तू! मी पैज लावली होती, मशीन म्हणून.’

‘जिंकलीस की. आजपर्यंत मशीनच होतं.’

‘मी तेरेस,’ ती म्हणाली, आणि मला ते नवीनच वाटलं, जणू नाव मला ठाऊकच नव्हतं. ट्रामचं सांगावंसं वाटलं. पण आधी तिचं ऐकायचं होतं. ‘मी तुला दोनदा लिहिलं होतं,’ ती म्हणाली.

‘काय लिहिलं होतंस?’

‘नाही.’

‘सांगायचं नाही का?’

‘अगं, ‘नाही’ असं लिहिलं होतं. तू विचारलंस ना, सगळं ठीक आहे ना? मी लिहिलं, नाही. दोन्ही वेळा तेवढंच. म्हटलं, आता विचारेल पुढं, का गं, काय झालं. तर तुझं आलं, परत आलीस, छान वाटलं!’ ती हसायला लागली, आणि ते हसणं मध्येच कुठंतरी अडकलं. ‘आत्ता बटणावर बोट होतं माझं,’ ती म्हणाली. ‘तेवढ्यात हा नंबर आला. म्हटलं, आधी हिला चांगल्या शिव्या देऊ, मग दाबू.’

‘दे ना.’

‘आत्ता कुठं! बुवा टबात बसलेत, गार पडतील. हो हो, आले, आले!’ हे बुवांना. मग पुन्हा मला, हळू आवाजात, ‘संध्याकाळी घरी जाताना बोटीतून फोन करते. लांब आहे जरा सगळं सांगायचं. तू उचलशील ना?’

‘घाई नको,’ मी म्हणाले. ‘मी थांबते.’